पंप घेताना आधी इम्पेलर पाहावा

धुलाई, रंगाई, साइझिंग, बर्फ, कातडी कमावणे, साबण, तेलघाणी, असा कोणताही कारखाना घ्या. पाण्यावाचून तो चालत नाही आणि पाणी पंपावाचून हलत नाही. तरीही पंप विकत घेताना आपले व्यापारी व कारागीर बांधव दोनच गोष्टी विचारतात, किती हॉर्सपॉवरचा आणि कितीला. आम्हीही वर्षानुवर्षे हेच दोन प्रश्न विचारत होतो. आत जो पंखा फिरतो, ज्याला इम्पेलर म्हणतात, तो कोणत्या जातीचा आहे हे विचारण्याची आम्हाला कधी गरज वाटली नाही. ही गरज वाटण्यास जे कारण घडले ते आधी सांगतो.

आमचे दुकान खापरला. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे हे गाव. पुढे गुजरातची हद्द, मागे अक्कलकुवा, आणि उत्तरेला सातपुडा. आठवडे बाजारांत लुंगी, ओढणी, साडी विकणे हा आमचा मूळ धंदा. माल सुरतेहून येतो. पुढे दोन नातेवाइकांबरोबर सुरतेकडच्या एका छोट्या सुती रंगाईच्या युनिटमध्ये आम्ही भागीदारी घेतली. चार जिगर, एक छोटा बॉयलर आणि मागे सांडपाण्याची टाकी, एवढाच त्याचा पसारा. 2014 च्या रमजान ईदच्या आधी त्या सांडपाण्याच्या टाकीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार एका महिन्यात दोनदा जळाली. टाकी उपसली नाही तर जिगरचे पाणी सोडता येत नाही. लुंगीचा एक लॉट तसाच रंगाच्या पाण्यात अडकून पडला आणि एका बाजूने गडद, एका बाजूने फिका निघाला. ईदचा माल सेकंडच्या भावाने फुंकावा लागला.

राग कोणावर काढायचा? मोटार भरून देणारा वाइंडिंगवाला समोर होता. त्याने हलकी तार वापरली असे आम्ही ठरवून टाकले आणि त्याचे चार हजार रुपये अडवून ठेवले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाने घेऊन आला, आमच्यासमोर पंपाचे केसिंग उघडले आणि आतून सुताचा वितभर जाड पिळलेला दोर बाहेर काढला. "सेठ, मोटर का कसूर नहीं है, पंखा गलत है," एवढेच तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. पैसे आम्ही त्याच दिवशी दिले, पण चार लोकांत त्याला जे बोललो होतो ते काही परत घेता आले नाही.

तेव्हापासून आम्ही हा विषय समजून घेऊ लागलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही शिकलो उर्दू शाळेत. तेथे सायन्सच्या तासाला 'मर्कज-गुरेज कुव्वत' हा शब्द पाठ केला होता. मर्कज म्हणजे केंद्र, गुरेज म्हणजे पळ काढणे. मराठी पुस्तकात याला केंद्रापसारी बल म्हणतात. पावसात छत्री गरगर फिरवली की थेंब कडेने उडतात, तेच हे. पंपात इम्पेलर मिनिटाला 1440 किंवा 2900 फेऱ्या घेतो. त्याच्या मधल्या भोकातून, ज्याला मिस्त्री लोक डोळा म्हणतात, पाणी आत येते, पात्यांमध्ये सापडते आणि कडेकडे जोराने फेकले जाते. बाहेरचे केसिंग शंखासारखे वाढत जाणारे असते. त्यात पाण्याचा वेग कमी होतो आणि त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. डोळ्यापाशी पाणी निघून गेल्याने तेथे दाब कमी पडतो, म्हणून बाहेरची हवा विहिरीतील पाण्याला वर ढकलते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे, पण ढकलण्याचे काम हवेचे असते. त्यामुळेच समुद्रसपाटीवर हिशेबाने 10 मीटरच्या थोडे वर आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरहून जास्त खोलीवरून वर बसवलेला पंप पाणी घेत नाही, मग मोटार कितीही मोठी लावा.

पाती सरळ असावीत की वाकडी, यावर जुन्या काळी बराच वाद होता. 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जॉन ॲपोल्ड या गृहस्थाने वाकड्या पात्यांचा पंप मांडला. तपासणीत वाकड्या पात्यांनी घेतलेल्या शक्तीपैकी 68 टक्के काम पाण्यावर केले. सरळ, आऱ्यांसारख्या पात्यांना 24 टक्केच जमले. कापडाच्या धंद्यातील माणसाला गंमत वाटेल ती ही की ॲपोल्ड हा पेशाने रंगारी होता. फर म्हणजे केसाळ कातडी रंगवण्याचा त्याचा घरचा धंदा होता. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात कारखाना उभारला, त्याचे आज सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी झाले. नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्रांनंतर 1926 च्या सुमारास तेथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. आज कोल्हापूरच्या फाउंड्र्या, राजकोट, अहमदाबाद आणि कोइमतूर येथून देशभर पंप जातात.

वाकडी पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असतात. इम्पेलर हातात घेऊन पाहिले तर पाती पाणी खरवडून पुढे नेतील असे न दिसता, पाणी त्यांच्या पाठीवरून निसटेल असे दिसते. तेच बरोबर आहे. वायरमनने फेज उलटे जोडले तर इम्पेलर उलटा फिरतो. तरीही पाणी येते, फक्त कमी येते आणि दाब पडतो. म्हणून ही चूक कित्येक महिने लक्षात येत नाही. आटे पाडून शाफ्टवर बसवलेला इम्पेलर असेल तर उलट फिरण्याने तो सुटून केसिंगवर आदळतो. पंपावरचा बाण पाहिल्याशिवाय मोटार चालू करू नये.

आता प्रकार. पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा बंद इम्पेलर. पात्यांच्या पुढे व मागे दोन्ही बाजूंना गोल चकत्या असतात, मधोमध पाण्याच्या वाटा. पाणी इकडे तिकडे गळत नाही, म्हणून विजेचा खर्च कमी. स्वच्छ पाण्यासाठी हाच घ्यावा. त्याच्या डोळ्याभोवती वेअर रिंग नावाची कडी असते. ही कडी आणि इम्पेलर यांमधली फट अगदी बारीक असते आणि ती झिजून वाढली की बाहेर फेकलेले पाणी परत डोळ्यात येऊ लागते. पंप फिरतो, वीज घेतो आणि तेच तेच पाणी घुसळत राहतो. पुष्कळ जण अशा वेळी नवा पंप आणतात. वास्तविक लेथवर नवी कडी कातून बसवली तरी पुष्कळसे काम भागते आणि हे काम आपल्या कारागिरांच्या हातचे आहे.

आमच्या सांडपाण्याच्या टाकीवर हाच बंद इम्पेलर होता आणि तेथेच सगळे बिघडले. धुतलेल्या कापडातून तंतू सुटतात, शिवणीचे धागे येतात. पात्याच्या सुरुवातीच्या कडेवर धागा अडकतो, त्यावर दुसरा, मग तिसरा. काही धागे वेअर रिंगच्या फटीत शिरून ब्रेकसारखे घट्ट बसतात. मोटार जास्त अँपिअर घेऊ लागते. अशा वेळी स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेने मोटार बंद करावी. पण ती वारंवार बंद पडते म्हणून आमच्याच माणसाने रिलेचा आकडा वर चढवून ठेवला होता. दोन मोटारी जळाल्या त्या अशा.

दुसरा प्रकार अर्धखुला. यात मागची चकती असते, पुढची नसते. पाती उघडी असल्याने थोडा गाळ, चुना, स्टार्च असलेले पाणी यातून जाते आणि उघडून साफ करणे सोपे. मात्र पात्याची कड आणि केसिंग यांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राखावे लागते. अंतर वाढले की दाब गेलाच. चांगल्या पंपात हे अंतर शाफ्ट पुढेमागे करून पुन्हा जुळवता येते, तशी सोय आहे का ते घेताना विचारावे. तिसरा पूर्ण खुला, ज्यात मधल्या बोंडाला नुसती पाती जोडलेली. साफ करायला सर्वांत सोपा, पण पाती नाजूक. मोठ्या दाबाच्या कामाला तो नको.

चौथा आहे व्होर्टेक्स, म्हणजे भोवरा करणारा. आमची अडचण यानेच सुटली. हा इम्पेलर केसिंगच्या मागच्या खोबणीत बसतो आणि पुढे जागा मोकळी राहते. तो फिरला की समोरच्या पाण्यात भोवरा तयार होतो आणि बहुतेक पाणी पात्यांना न शिवताच त्या भोवऱ्याबरोबर बाहेर जाते. धागे, चिंध्या, खडे सगळे निघून जाते. याची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. चांगला बंद इम्पेलर शक्तीपैकी 70 टक्क्यांच्या पुढे काम देत असेल तेथे हा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी देतो. पण आमचा हिशेब असा की सांडपाण्याचा पंप दिवसातून तीन-चार तास चालतो. तेथे वाया गेलेली वीज एका जळालेल्या मोटारीपेक्षा आणि एका बिघडलेल्या लॉटपेक्षा स्वस्त पडते. सोळा तास चालणाऱ्या कच्च्या पाण्याच्या पंपावर हाच इम्पेलर बसवला तर तो मूर्खपणा होईल. शिवाय टाकीच्या आधी जाळी लावली आणि ती रोज साफ करण्याचे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवले. जाळी नसती तर व्होर्टेक्सनेही किती साथ दिली असती, शंका आहे.

वरील भेद हा चकत्यांचा झाला. दुसरा भेद पाणी कोणत्या दिशेने बाहेर पडते याचा. पाणी डोळ्यात शिरून काटकोनात वळून कडेला निघाले तर तो रेडियल. दाब जास्त, पाणी बेताचे. जहाजाच्या पंख्यासारखा इम्पेलर पाण्याला सरळ पुढे ढकलत असेल तर तो ॲक्सियल. पाणी प्रचंड पण उंची थोडी, नदीकाठी पुराचे पाणी उपसणे किंवा कालव्यात पाणी टाकणे यासाठी. दोघांच्या मधला तो मिक्स्ड फ्लो. बोअरमधील सबमर्सिबल पंपातही रेडियल आणि मिक्स्ड असे दोन्ही मिळतात. बोअर खोल व पाणी थोडे तर रेडियल, पाणी भरपूर व उंची कमी तर मिक्स्ड. चालू करण्याची रीतही निराळी आहे. रेडियल पंप डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करावा, मोटारीवर भार कमी येतो. ॲक्सियल पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू केला तर भार सर्वांत जास्त येतो. एका कारखान्यात शिकलेला ऑपरेटर दुसऱ्या कारखान्यात जाऊन मोटार जाळतो ती बहुधा इथे.

मोठ्या पाणीपुरवठ्याच्या पंपांत इम्पेलरला दोन्ही बाजूंनी डोळे असतात, त्याला डबल सक्शन म्हणतात. एकाच बाजूने पाणी घेणाऱ्या इम्पेलरला पाणी एका अंगाला रेटत असते आणि तो रेटा बेअरिंगवर येतो. दोन्हीकडून पाणी घेतले की रेटा आपोआप तोलला जातो. लहान पंपात हेच काम मागच्या चकतीला पाडलेली बारीक भोके करतात. इम्पेलर भरून घेताना किंवा वेल्डिंग करताना काही जण ही भोके नकोशी समजून बुजवतात आणि मग बेअरिंग का टिकत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

बॉयलरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. बॉयलरमध्ये 10 किलो दाब असेल तर पाण्याला साधारण 100 मीटर उंच चढवण्याइतका जोर हवा, वर पाइपातील घर्षण आलेच. एका लहान इम्पेलरने हे जमत नाही. म्हणून एकाच शाफ्टवर एकामागे एक इम्पेलर बसवतात. पहिल्याने फेकलेले पाणी दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. पाणी तेवढेच राहते, दाब मात्र प्रत्येक टप्प्याला वाढतो. यालाच मल्टिस्टेज म्हणतात. साइझिंगवाल्या बांधवांनी एक ध्यानात ठेवावे. कंडेन्सेटचे गरम पाणी फीड टाकीत परत घेतल्याने इंधन वाचते हे खरे, पण 80 अंशांच्या पाण्याला पंप वर ओढू शकत नाही. ओढायला गेले की डोळ्यापाशी पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाबाखाली ते फुटतात. पंपात खडे पडल्यासारखा कडकड आवाज येतो. काही महिन्यांत इम्पेलर वाळवीने खाल्ल्यासारखा दिसू लागतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. उपाय महागडा नाही, टाकी पंपापेक्षा पुरेशी उंच ठेवावी.

घरात किंवा दुकानावर लागणारा अर्ध्या हॉर्सपॉवरचा छोटा पंप आत उघडून पाहिला तर त्याच्या चकतीच्या काठावर दातासारख्या बारीक बारीक खोबणी दिसतील. हा पेरिफेरल. लहान असून दाब चांगला देतो, पण फट इतकी बारीक की रेतीचे पाणी आले की संपला.

इम्पेलर कशाचा आहे यावरही धंद्याचा नफा-तोटा ठरतो. साध्या पाण्याला बिडाचा चालतो. गनमेटल म्हणजे ब्राँझचा गंजत नाही आणि कातायला सोपा. रंगाईत मात्र सुताच्या रिॲक्टिव्ह रंगाला भरपूर मीठ व सोडा लागतो. मिठाचे पाणी बिडाला खाते आणि गंजाचे कण कापडावर डाग पाडतात. स्टेनलेस स्टीलमध्येही 304 पेक्षा 316 घ्यावे. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे मिठापुढे ते जास्त टिकते. पॉलिस्टरच्या जेट मशीनमध्ये सुमारे 130 अंशांवर रंगाचे पाणी पंपच फिरवत असतो आणि त्याच पाण्याच्या झोताने कापड पुढे सरकते. तेथे इम्पेलर झिजला की कापडाचा वेग पडतो आणि शेड बिघडते. दोष रंग मास्तरला लागतो. बोअरच्या पंपांत हल्ली प्लॅस्टिकचे इम्पेलर असतात. ते हलके, गुळगुळीत आणि गंजत नाहीत, पण रेती येणाऱ्या बोअरमध्ये किंवा पंप कोरडा चालला तर लवकर जातात.

व्यासाचा हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा, कारण यात सरळ पैसे आहेत. वेग तोच ठेवून इम्पेलर लेथवर थोडा लहान कातला तर पाणी साधारण व्यासाच्या प्रमाणात कमी होते, उंची व्यासाच्या वर्गाने आणि लागणारी शक्ती घनाने. 200 मिलिमीटरचा इम्पेलर 180 केला तर पाणी 90 टक्के, उंची 81 टक्के आणि शक्ती सुमारे 73 टक्के राहते. आपल्याकडे काय करतात? गरजेपेक्षा मोठा पंप घेतात आणि मग व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतात. त्या आवळलेल्या व्हॉल्व्हमध्ये वीज जळत असते. दोन किलोवॉट जरी वाया जात असली तरी दिवसाचे 16 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरून 9600 युनिट होतात. दर ज्याने त्याने आपल्या बिलावरून लावावा. मात्र कातकाम पाचव्या हिश्श्याच्या पुढे नेऊ नये, पंपाची चाल बिघडते. आणि कातण्याआधी जुने माप लिहून ठेवावे, कातलेले परत चिकटत नाही. पाण्याची गरज दिवसभरात कमी-जास्त होत असेल तर कातण्याऐवजी फेऱ्या कमी करणारा ड्राइव्ह बसवावा, हिशेबाचे सूत्र तेच.

बाजारात नकली इम्पेलर स्वस्त मिळतो. जुना इम्पेलर वाळूत दाबून त्याचाच साचा घेतात, त्यामुळे ओतीव थंड होताना आकसून पाती थोडी लहान येतात. आतल्या वाटा खरखरीत राहतात. बोट आत घालून पाहावे, खरखर लागली तर तेवढी वीज रोज जास्त जाईल. शाफ्टवर चढवून दोन समतल धारांवर ठेवावा. एकच बाजू सारखी खाली येत असेल तर तोल नाही आणि बेअरिंग व सील दोन्ही जातील. आमच्या ओळखीच्या एका टर्नरने सुरतेकडे एवढेच काम धरले आहे, इम्पेलर तोलणे, कडी कातणे आणि केसिंग जुळवणे. त्याच्याकडे आज चार मुले शिकतात.

दुकानदाराकडे जाताना कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात. मिनिटाला किंवा तासाला किती लिटर पाणी हवे. एकूण उंची किती, म्हणजे उपसा, चढ आणि पाइपातील घर्षण मिळून. पाणी गरम की थंड. त्यात मीठ, सोडा, गाळ की धागे. रोज किती तास चालणार. दहा लिटर सेकंदाला आणि 30 मीटर उंची असेल तर पाण्याला लागणारी निव्वळ शक्ती सुमारे तीन किलोवॉट. पंप 60 टक्के काम देणारा धरला तर मोटारीच्या शाफ्टवर जवळपास पाच किलोवॉट, म्हणजे सुमारे साडेसहा हॉर्सपॉवर लागेल, आणि बाजारातला त्यावरचा साडेसात हॉर्सपॉवरचा आकडा घ्यावा. दुकानदार दहा हॉर्सपॉवर गळ्यात मारत असेल तर त्याला कंपनीचा आलेख दाखवायला सांगावा. मोनोब्लॉकला भारतीय मानक 9079 आणि सबमर्सिबलला 8034 आहे, शिक्का पाहून घ्यावा.

आमच्या युनिटमध्ये आता प्रत्येक पंपावर रंगाने इम्पेलरचा प्रकार, व्यास आणि धातू लिहिलेला आहे. ती अक्षरे त्याच वाइंडिंगवाल्याने घातली आहेत. ओव्हरलोड रिलेच्या पेटीलाही त्याने कुलूप लावले असून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे.